जेवण सूर्याबरोबर, झोप कोणाबरोबर?

डिसेंबर महिन्यात रिसोड तालुक्यातील केनवड येथे सूर्य सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास मावळतो. शाळा सुटून मुले घरी पोहोचतात तेव्हा सव्वापाच होऊन गेलेले असतात. ज्या घरात रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळला जातो, त्या घरात उरलेला अर्धा तास मोठ्या लगबगीचा असतो. चुलीवरची भाकरी, कुकरची शिट्टी, दारात टाकलेले दप्तर आणि पश्चिमेकडे वारंवार जाणारी आजीची नजर, हे सारे त्या अर्ध्या तासात सामावलेले असते.

असे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. सहावीत शिकणारा अकरा वर्षांचा नातू अंगणात येतो. आजी म्हणते, "दिवस बुडून राहिला बापू, हातपाय धू अन् जेवायला बस." नातू म्हणतो, "आजी, आत्ताच तर चहा-टोस्ट खाल्ले. भूकच नाही." आजीच्या शब्दाखातर तो पाटावर बसतो, अर्धी भाकरी कशीबशी संपवतो आणि उठतो. साडेसहाला शिकवणी, आठनंतर गृहपाठ, साडेनऊला वडिलांचा मोबाइल. दहाच्या सुमारास तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो. "आजी, पोटात कावळे ओरडतात." आजी म्हणते, "आता सकाळीच रे राजा." आई काहीच बोलत नाही. एकीकडे घराण्याचा नियम आणि दुसरीकडे लेकराचे पोट, अशी तिची कोंडी झालेली असते. पुढे केव्हातरी डब्यातले दोन लाडू नाहीसे होतात. नियमही मोडतो आणि तो मोडल्याची चोरटी भावना मुलाच्या मनात घर करते.

हे दृश्य अनेक घरांत थोड्याफार फरकाने घडत असते. त्यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, आजच्या मुलांना संयम राहिला नाही. काही जण म्हणतात, वाढत्या वयात हे नियम कशाला? दोन्ही मतांत एक गोष्ट सुटते. त्या मुलाने साडेपाचला जेवून अकराला झोपायचे, ही दिनचर्या कोणत्याही शास्त्रात सांगितलेली नाही. ती आपण अलीकडे, नकळत तयार केली आहे.

रात्रिभोजनत्यागाचा मूळ हेतू अहिंसा हा आहे. सूर्यप्रकाशाच्या अभावी सूक्ष्म जीव दिसत नाहीत, दिव्याकडे कीटक झेपावतात, अन्नात पडतात. म्हणून रात्री आहार वर्ज्य. हे व्रत आरोग्यासाठी सांगितलेले नाही आणि आरोग्याचा दाखला देऊन त्याची थोरवी सिद्ध करण्याची गरजही नाही. मात्र ज्या काळात हे व्रत घराघरांत रुजले, त्या काळी सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांत गाव झोपत असे. कंदिलाचे तेल जपून वापरावे लागे. सायंकाळचे जेवण, आरती, थोडे स्वाध्याय-श्रवण आणि मग अंथरूण. पहाटे लवकर जाग. व्रताच्या मागे अशी सगळी दिनचर्या उभी होती. वाशिम जिल्ह्यातीलच कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना झाली. अशा गुरुकुलांच्या व्यवस्थेत सूर्यास्तापूर्वीचे भोजन, लवकर निजणे आणि पहाटे उठणे ही एकाच साखळीची तीन कडी मानली जात. आज आपण पहिली कडी हाती धरली आणि उरलेल्या दोन सोडून दिल्या. जेवण सूर्याबरोबर राहिले, झोप मात्र मोबाइलबरोबर गेली.

यात बिघडते काय, हे समजून घेण्यासाठी झोप आणि भूक यांचे नाते पाहावे लागते. मेंदूमध्ये एक मुख्य घड्याळ असते. ते प्रामुख्याने उजेड-अंधारावर चालते. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळे असतात आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा प्रभाव असतो. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते आणि झोपेची तयारी सुरू होते. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर प्रखर पडदा असला, तर ही तयारी लांबणीवर पडते. मग पोटाचे घड्याळ एक वेळ दाखवते आणि डोळ्यांचे दुसरीच.

झोप कमी पडली की भूक वाढते, हेही प्रयोगांतून दिसून आले आहे. शिकागो विद्यापीठात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ ४ तास आणि अन्य वेळी दोन रात्री १० तास अंथरुणावर राहू दिले गेले. कमी झोपेच्या वेळी पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि त्या तरुणांनी स्वतः नोंदवलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. विशेष म्हणजे त्यांना ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची.

हा प्रयोग तरुणांवरचा होता. शाळकरी मुलांविषयीचा एक अभ्यास २०१३ साली 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ८ ते ११ वर्षांची ३७ मुले होती. एक आठवडा त्यांची झोप रोज दीड तासाने वाढवली आणि दुसऱ्या आठवड्यात तेवढीच कमी केली. खाण्याविषयी कोणतेही बंधन घातले नव्हते. झोप वाढलेल्या आठवड्यात मुलांनी, झोप घटलेल्या आठवड्याच्या तुलनेत, रोज सरासरी १३४ किलोकॅलरी कमी खाल्ल्या. त्यांना कोणी 'कमी खा' म्हणून सांगितले नव्हते. हा अभ्यास लहान आहे आणि त्यावरून सर्व मुलांविषयी ठाम निष्कर्ष काढता येणार नाही. पण रात्री दहाला स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या नातवाकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलू शकते. त्याची भूक हा हट्ट नसतो. निजेची वेळ टळून गेलेले शरीर जागे राहण्यासाठी अन्न मागत असते, आणि अर्ध्या भाकरीवर उठलेले पोट त्याला दुजोरा देत असते.

आता त्या मुलाच्या दिवसाचा जमाखर्च मांडून पाहावा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. आपला नातू अकराला निजतो आणि सकाळी सहाला उठतो. म्हणजे झोप ७ तास. किमान गरजेपेक्षा रोज २ तासांची तूट. शाळेच्या सहा दिवसांत ती १२ तासांची होते, आणि रविवारी उशिरापर्यंत झोपून ती फिटत नाही. उलट रविवारची उशिराची जाग सोमवारची सकाळ आणखी अवघड करते.

भुकेचा हिशेबही तसाच आहे. साडेपाचला जेवलेले मूल अकरापर्यंत जागे राहिले, तर जेवणानंतर साडेपाच तास ते वाचत, लिहीत, खेळत असते. तेच मूल नऊला निजले, तर जागेपणाचे केवळ साडेतीन तास उरतात. पोटभर जेवलेल्या मुलाला तेवढे सहज निभावतात. भूक चाळवण्याच्या आत डोळा लागतो आणि गाढ झोपेत शरीर आपले वाढीचे काम सुरू करते. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेतच होत असतो. तात्पर्य, सायंकाळचे जेवण जितके अलीकडे आणले, तितकीच निजेची वेळही अलीकडे आणली पाहिजे. व्रताचा अर्धा भार ही लवकरची निजच वाहत असते.

खरी कसोटी सकाळी असते. श्वेतांबर परंपरेत सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, काही न घेण्याचा नवकारसीचा नियम अनेक घरांत मुलेही पाळतात. डिसेंबरअखेरीस केनवडला सूर्योदय सात वाजण्याच्या थोडा आधी होतो. नवकारसी येते पावणेआठच्या सुमारास. ज्या मुलाची गाडी बाहेरगावच्या शाळेसाठी सातलाच सुटते, ते मूल उपाशीच निघते. आदल्या सायंकाळी साडेपाचला घेतलेला शेवटचा घास आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या मधल्या सुट्टीतला पहिला घास, यांत १६ तासांचे अंतर पडते. एवढ्या अवधीनंतर फळ्यावरचे गणित डोक्यात शिरत नसेल, तर दोष बुद्धीचा मानू नये. मग मधल्या सुट्टीत डबा मागे राहतो आणि शाळेबाहेरच्या टपरीवरची रंगीत पाकिटे पुढे येतात.

या बाबतीत शासनाने एक पाऊल टाकले आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा, असे जाहीरपणे सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असे त्यात सांगितले. जैन घरांच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल वेगळेच आहे. नऊला शाळा असलेले मूल नवकारसी पाळून, पावणेआठला गरम नाश्ता करून, शांतपणे शाळेत जाऊ शकते. नियम आणि पोट यांच्यातील भांडण तेवढ्यापुरते मिटते. परंतु पाचवीपासूनच्या मुलांना हे संरक्षण नाही. वास्तविक किशोरवयात निजेची वेळ नैसर्गिकपणेच थोडी पुढे सरकते आणि त्या मुलांना सकाळची शाळा अधिक जड जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जुलै २०२२ पासून माध्यमिक शाळांचे वरचे वर्ग सर्वसाधारणपणे साडेआठपूर्वी भरवू नयेत, असा कायदाच लागू झाला, तो याच कारणाने. आपल्या शाळांच्या पालकसभांत हा विषय कोणीतरी काढला पाहिजे. समाजाच्या संस्था ज्या शाळा चालवतात, त्यांनी तर आपणहून विचार करावा.

विदर्भात आणखी एक अडचण असते. मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळे शाळा सकाळच्या होतात आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवसांत घरातील पत्रे आणि भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात, मुलांना झोप लागत नाही. थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या ओलितासाठी कृषिपंपाची वीज आळीपाळीने रात्री येते. वडील बॅटरी घेऊन शेतात जातात आणि घर त्यांची वाट पाहत जागे राहते. ही परिस्थिती एका दिवसात बदलणारी नाही. म्हणून मुलांची निज मोठ्यांच्या जागेपणापासून वेगळी काढावी लागते. घरात एका खोलीतला दिवा नऊला मालवला, दूरदर्शनचा आवाज बंद झाला आणि मोबाइल मोठ्यांच्याच उशाला राहिला, तरी पुष्कळ साधते. उन्हाळ्यातील सकाळच्या शाळेनंतर दुपारी तासभर वामकुक्षी घेऊ द्यावी. मात्र ती चारपर्यंत लांबली, तर रात्रीची निज पुन्हा बिघडते.

सायंकाळच्या ताटाकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. शाळेतून आल्यावर चहा-टोस्ट किंवा बिस्किटे, आणि लगेच अर्ध्या तासाने जेवण, हा क्रमच चुकीचा आहे. हिवाळ्यात तरी मुलाने दारात पाऊल टाकताच ताट वाढावे. चहा तर मुलांना नकोच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीराला मिळत नाही. त्यातील कॅफिन झोपही लांबवते. पाचला घेतलेल्या चहाचा अंमल रात्री नऊलाही काहीसा शिल्लक असतो.

ताटात असे अन्न हवे, जे रात्रभर साथ देईल. नुसता पोहे-उपम्याचा बशीभर नाश्ता म्हणजे सायंकाळचे जेवण नव्हे. ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण, वर तुपाची धार, ऋतुमानानुसार भाजी, तीळ किंवा शेंगदाण्याची चटणी यांत धान्य, डाळ आणि स्निग्धांश तिन्ही येतात आणि ते सावकाश पचतात. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतात तेव्हा मोड न आणलेली कडधान्ये, दुधी, दोडका, भेंडी यांनी ती उणीव भरून काढता येते. दही-ताक द्यायचे तर सकाळच्या जेवणात, डाळीविना. द्विदलाचा विवेक जैन घरातील गृहिणीला सांगावा लागत नाही. आणि सकाळी लवकर निघणाऱ्या मुलाच्या डब्यात राजगिऱ्याचा लाडू किंवा तूप लावलेली पोळी वर ठेवावी, म्हणजे नियमाची वेळ होताच पहिला घास घरचा पडेल.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. चौविहारात अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा त्याग असतो, म्हणजे पाणीही वर्ज्य. विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळलेल्या मुलाने रात्री पाणीही घेऊ नये, असा आग्रह धरू नये. परंपरेनेच तिविहाराची वाट मोकळी ठेवली आहे. त्यात पाणी घेता येते. व्रत शक्तीनुसार घ्यावे आणि घेतलेले आनंदाने पाळावे, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. आजारी, अशक्त किंवा मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्लाच प्रमाण मानावा. पर्युषणात सवंगड्यांच्या उत्साहात मुलाने घेतलेला नियम वर्षभर त्याच्यावर लादला, तर त्याच्या मनात धर्माविषयी प्रेम वाढत नाही. रात्री लपून खाल्लेल्या लाडवाची अढी तेवढी राहते.

पुन्हा त्या कल्पनेतल्या घराकडे वळू. तेथे काही फार मोठे बदलावे लागत नाही. शाळेतून आल्यावरचा चहा बंद होतो. ताट थोडे भरीव होते. साडेसहाची शिकवणी साडेसातला संपते. गृहपाठ साडेआठला आटोपतो आणि जो उरेल तो पहाटेच्या ताज्या डोक्यासाठी ठेवला जातो. त्यानंतर मोबाइलऐवजी आजीची गोष्ट असते. शेजारच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता कशी विराजमान आहे, याची आख्यायिका ऐकता ऐकता मुलाचे प्रश्न विरळ होत जातात. नऊ वाजतात. दारापाशी येऊन भूक लागल्याचे सांगायला तो जागाच नसतो.

व्रत मोडू नये म्हणून आजपर्यंत घराने स्वयंपाकघराच्या दारावर पहारा ठेवला. तो पहारा यापुढे निजेच्या वेळेवर ठेवावा. मुलाची झोप पुरी झाली तर नियमही टिकेल, वाढही होईल आणि सकाळी उठल्यावर त्याला स्वतःहून भूक लागेल. सूर्यास्ताची वेळ पंचांगात छापलेली असते. मुलांच्या निजेची वेळ मात्र घरातील मोठ्यांनाच ठरवावी लागेल आणि ती पाळण्याची सुरुवातही त्यांनाच आपल्यापासून करावी लागेल.